स्तर-स्वयंचलन, संगणकीय आरेखनातील

संगणकाच्या साहाय्याने तयार केलेल्या आरेखनातील रेषा, वर्तुळे, मजकूर, मापे इ. घटक आरेखकाने दर वेळी हाताने स्तर न बदलता नेमून दिलेल्या स्तरांवर जावेत, यासाठी अगोदर लिहून ठेवलेल्या आज्ञांचा उपयोग करण्याच्या पद्धतीस स्तर-स्वयंचलन म्हणतात. स्तर म्हणजे आरेखनातील घटकांचा नाव दिलेला गट होय. आरेखनालयांत त्यास सर्रास ‘लेअर’ असे म्हटले जाते. इमारतीच्या नकाशात भिंतींचा एक, दारे-खिडक्यांचा दुसरा, विद्युत् जोडणीचा तिसरा व मापांचा चौथा अशी ही विभागणी असते. कागदावरील रेषा पाहून ती भिंतीची की मापाची हे जाणकार माणूस ओळखतो. संगणकाच्या दृष्टीने मात्र दोन्ही केवळ दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषाच असतात. रेषा कशाची निदर्शक आहे हे संगणकास कळण्याचे द्विमितीय आरेखनातील प्रमुख साधन म्हणजे तिच्या स्तराचे नाव. यामुळे घटक योग्य स्तरावर असणे ही नीटनेटकेपणाची बाब न राहता आरेखनाच्या अर्थाचीच बाब ठरते, आणि स्तरबदल आरेखकाच्या स्मरणशक्तीवर सोडावा की साधनाकडे सोपवावा, या प्रश्नास महत्त्व येते.

स्तर-स्वयंचलनासाठी स्क्रिप्ट, मॅक्रो व आज्ञावली ही तीन प्रकारची साधने वापरतात. त्यांची तत्त्वे बहुतेक आरेखन-प्रणालींत सारखीच आहेत. प्रस्तुत नोंदीत विवेचनासाठी मुख्यतः ‘ऑटोकॅड’ या प्रणालीचे उदाहरण घेतले आहे.

पार्श्वभूमी : स्तराची कल्पना संगणकापूर्वीची आहे. पारदर्शक पॉलिएस्टर फिल्मच्या तावांवर नकाशाचे निरनिराळे भाग काढून ते एकावर एक ठेवण्याची पद्धत अमेरिकेतील मोठ्या आरेखनालयांत १९७०–८० या दशकात रूढ होती. तावांच्या कडेस सारख्या अंतरावर भोके पाडलेली असत व ती टेबलावरील खुंट्यांत बसविली की सर्व ताव तंतोतंत जुळत. तळमजल्याच्या भिंतींचा ताव एकदाच काढावा लागे. त्यावर नळकामाचा, विजेचा किंवा छताचा ताव ठेवून हव्या त्या संयोगाची प्रत काढीत. या पद्धतीत चुकीच्या तावावर रेषा काढणे अवघड होते, कारण ताव हाताखाली प्रत्यक्ष असे. संगणकात ताव अदृश्य झाला व चुकीची शक्यता वाढली.

संगणकाच्या पडद्यावर परस्परसंवादी आरेखनाचा पाया आयव्हन सदरलंड यांनी १९६३ मध्ये मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेस सादर केलेल्या प्रबंधातील ‘स्केचपॅड’ या प्रणालीने घातला. पुढील दोन दशके अशा प्रणाली मोठ्या व महागड्या संगणकांपुरत्याच मर्यादित होत्या. ‘ऑटोडेस्क’ या अमेरिकन कंपनीने १९८२ मध्ये वैयक्तिक संगणकावर चालणारी ऑटोकॅड ही प्रणाली बाजारात आणली, तेव्हा लहान कार्यालयांनाही हे साधन उपलब्ध झाले. ‘मायक्रोस्टेशन’ या दुसऱ्या प्रणालीत स्तरांस ‘लेव्हल’ म्हणतात. तिच्या जुन्या आवृत्त्यांत एका आरेखनात ६३ क्रमांकित स्तरांचीच सोय होती. हवी ती नावे देऊन हवे तितके स्तर करण्याची सोय पुढील काळात आली. ऑटोकॅडमध्ये स्तराचे नाव पूर्वी ३१ अक्षरांपर्यंत देता येई. २००० सालच्या आवृत्तीपासून ही मर्यादा २५५ अक्षरे झाली. नावे लांब व स्तर अमर्याद झाल्यावर त्यांना शिस्त लावण्याची निकड साहजिकच वाढली.

स्तराचे गुणधर्म : प्रत्येक स्तरास नाव, रंग, रेषाप्रकार (सलग, तुटक, मध्यरेषा इ.) व रेषेची जाडी हे गुणधर्म असतात. घटकाचा रंग ‘स्तराप्रमाणे’ असा ठेवल्यास स्तराचा रंग बदलताच त्यावरील सर्व घटकांचा रंग बदलतो. पेनाने रेखाटणाऱ्या प्लॉटरच्या काळात रंगाच्या क्रमांकावरून पेनाची निवड होत असे, उदा., लाल (क्रमांक १) म्हणजे बारीक पेन व पांढरा (क्रमांक ७) म्हणजे जाड पेन असे कार्यालयाने ठरविलेले असे. रंगावरून जाडी ठरविण्याची ही रीत आजही अनेक ठिकाणी टिकून आहे. त्यामुळे घटक चुकीच्या स्तरावर गेला, तर छापील नकाशात त्याची जाडीही चुकते.

कोणत्याही क्षणी एकच स्तर ‘चालू’ असतो आणि नवा घटक सामान्यतः त्यावर जातो. स्तरबदलाची सगळी समस्या या एका नियमातून उद्भवते. भिंती काढून झाल्यावर मापे देण्यापूर्वी आरेखक स्तर बदलण्यास विसरला, तर मापे भिंतींच्या स्तरावर जमा होतात. पडद्यावर ती योग्य जागी दिसतात. चूक उघडकीस येते ती भिंतींचा स्तर लपविल्यावर मापेही नाहीशी झाली म्हणजे.

स्तर तीन रीतींनी निष्क्रिय करता येतो आणि त्यांतील भेद स्वयंचलनात महत्त्वाचा ठरतो. (१) ‘बंद’ केलेला स्तर दिसत नाही व छापला जात नाही; परंतु सर्व घटक निवडण्याची आज्ञा दिल्यास त्यावरील घटकही निवडले जातात. (२) ‘गोठविलेला’ स्तर दिसत नाही आणि निवडलाही जात नाही. चालू स्तर गोठविता येत नाही. (३) ‘कुलूपबंद’ स्तर दिसतो, परंतु त्यावरील घटकांत बदल करता येत नाही. सर्व काही पुसण्याची आज्ञा असलेली स्क्रिप्ट बंद स्तरांवरील न दिसणारे कामही पुसून टाकते, गोठविलेल्या स्तरांस मात्र हात लावीत नाही. हा भेद न जाणता लिहिलेल्या आज्ञांमुळे आरेखनाचे कधीही भरून न निघणारे नुकसान होऊ शकते.

‘शून्य’ हा स्तर प्रत्येक आरेखनात असतोच. तो काढून टाकता येत नाही वा त्याचे नावही बदलता येत नाही. दार, खिडकी, खुर्ची यांसारख्या पुनःपुन्हा लागणाऱ्या आकृतींचे ‘ब्लॉक’ करतात. ब्लॉकमधील घटक शून्य स्तरावर काढलेले असतील, तर तो ब्लॉक ज्या स्तरावर बसविला जाईल त्या स्तराचे गुणधर्म ते धारण करतात. अन्य स्तरावर काढलेले घटक मात्र आपला मूळ स्तर सोडीत नाहीत.

स्क्रिप्ट : स्क्रिप्ट म्हणजे कळफलकावर ज्या क्रमाने आज्ञा टंकित केल्या असत्या, त्याच क्रमाने त्या लिहून ठेवलेली साधी मजकूर-फाईल होय. संगणक ती ओळीमागून ओळ वाचतो व प्रत्येक ओळ आरेखकानेच टंकित केली आहे असे समजून अमलात आणतो. ‘माप’ नावाचा लाल स्तर तयार करून तो चालू करावयाचा असल्यास स्क्रिप्टमध्ये पुढील सात ओळी येतात (प्रत्यक्षात आज्ञा रोमन लिपीत लिहाव्या लागतात) : ‘-लेअर’, ‘मेक’, ‘माप’, ‘कलर’, ‘१’, एक रिकामी ओळ आणि आणखी एक रिकामी ओळ. पहिली रिकामी ओळ ‘हा रंग चालू स्तरासच द्यावा’ हे सांगते, तर दुसरी लेअरची आज्ञा संपविते. लेअर या शब्दापूर्वीचे आडवे चिन्ह अनावश्यक नाही. ते नसल्यास संगणक स्तरांची चौकट पडद्यावर उघडतो आणि पुढील ओळींना उत्तरे म्हणून स्वीकारीत नाही. ते असल्यास सर्व प्रश्नोत्तरे आज्ञा-ओळीतच होतात.

स्क्रिप्टमध्ये मोकळी जागा व नवी ओळ या दोहोंचा अर्थ ‘एंटर’ कळ दाबणे असाच होतो. ओळीच्या शेवटी नजरेस न पडणारी एखादी मोकळी जागा राहिली, तरी एक जादा एंटर दाबला जाऊन पुढील सर्व उत्तरे एका स्थानाने सरकतात. नवशिक्यांच्या स्क्रिप्ट फसण्याचे हे नेहमीचे कारण आहे. दुसरे कारण नियोजित स्तर अस्तित्वात नसणे, हे होय. ‘सेट’ या पर्यायाने अस्तित्वात असलेलाच स्तर चालू करता येतो. तो नसल्यास संगणक पुन्हा नाव विचारतो आणि स्क्रिप्टमधील पुढचा शब्द नाव म्हणून घेतो. ‘मेक’ या पर्यायाने स्तर असल्यास चालू होतो व नसल्यास नवा तयार होतो, म्हणून स्क्रिप्टमध्ये हाच पर्याय अधिक वापरतात. मात्र नाव लिहिताना अक्षर चुकले, तर ‘मेक’ तक्रार न करता चुकीच्या नावाचा नवा स्तर तयार करतो, हेही ध्यानात ठेवावे लागते.

स्क्रिप्टमध्ये अट घालता येत नाही. ‘असे असेल तर हे, नाहीतर ते’ हे तिला सांगता येत नाही. ती सर्वांत उपयुक्त ठरते ती अनेक आरेखनांवर एकच ठरीव क्रिया करताना. दोनशे आरेखनांत तेच तीस स्तर तयार करणे, त्यांचे रंग एकसारखे करणे व प्रत्येक आरेखन जतन करून बंद करणे, यांसारखे काम ती आरेखकाच्या अनुपस्थितीत पार पाडते. अशा कामापूर्वी मूळ फाईलींची वेगळी प्रत ठेवणे आवश्यक असते, कारण चूक झाल्यास ती दोनशे ठिकाणी झालेली असते.

मॅक्रो : चित्रबटणाला किंवा यादीतील ओळीला जोडलेल्या आज्ञांच्या साखळीस मॅक्रो म्हणतात. स्क्रिप्ट संपूर्ण आरेखनासाठी असते, तर मॅक्रो आरेखकाच्या चालू कामात एका क्रियेपुरता येतो. मॅक्रोची लिपी सांकेतिक आहे. आरंभीची ‘^सी^सी’ ही चिन्हे अगोदर अर्धवट राहिलेली आज्ञा रद्द करतात. अर्धविराम म्हणजे एंटर. आणि डावीकडे झुकलेली तिरपी रेघ म्हणजे ‘येथे थांबून आरेखकाच्या उत्तराची वाट पाहावी’ असा संकेत होय. ‘^सी^सी-लेअर;मेक;माप;;डिमलिनिअर’ या मॅक्रोचा अर्थ असा : चालू आज्ञा सोडावी, माप हा स्तर चालू करावा, लेअरची आज्ञा संपवावी व सरळ माप देण्याची आज्ञा सुरू करावी. आरेखक बटण दाबतो ते माप देण्यासाठी. स्तरबदल त्याच्या नकळत होऊन गेलेला असतो. ‘माप’, ‘भिंत’, ‘दार’, ‘मजकूर’ अशी बटणे करून दिल्यास आरेखकास स्तरांचा विचार न करता वस्तूंचा विचार करता येतो, हा मॅक्रोचा सर्वांत मोठा लाभ होय.

काम संपल्यावर पूर्वीच्या स्तरावर परतणे ही मात्र मॅक्रोची कमकुवत बाजू आहे. सरळ माप देताना सामान्यतः तीन बिंदू दाखवावे लागतात, म्हणून तीन विराम घेऊन नंतर मूळ स्तर चालू करणारा मॅक्रो लिहिता येतो. परंतु बिंदू दाखविण्याऐवजी एंटर दाबून थेट रेषाच निवडण्याची सोयही त्या आज्ञेत आहे; ती वापरल्यास विरामांची संख्या जुळत नाही आणि साखळी विसकटते. आरेखकाने मध्येच ‘एस्केप’ दाबल्यास उरलेला मॅक्रो रद्द होतो व चालू स्तर ‘माप’ हाच राहतो. शिवाय पूर्वीचा स्तर कोणता होता, हे साधा मॅक्रो लक्षात ठेवीत नाही. २००९ सालच्या आवृत्तीपासून आरेखकाच्या क्रिया ध्वनिमुद्रणाप्रमाणे नोंदवून त्या पुन्हा चालविण्याची सोयही आली. तीमुळे मॅक्रोची लिपी न शिकता साध्या साखळ्या तयार करता येतात.

आज्ञावली : स्मरण ठेवणे, अट तपासणे व चूक सावरणे ही कामे आज्ञावलीवाचून होत नाहीत. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ च्या सुमारास कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनासाठी निर्मिलेल्या ‘लिस्प’ या संगणकीय भाषेची ‘ऑटोलिस्प’ ही एक शाखा १९८६ मध्ये ऑटोकॅडमध्ये आली. आरेखन-प्रणाली विकत घेणाऱ्यासच तिचा विस्तार करता यावा, ही त्यामागील कल्पना होती. आरेखकांनी स्वतः लिहिलेल्या असंख्य लहान आज्ञावली त्यामुळे प्रचारात आल्या. पुढे १९९७ पासून ‘व्हिज्युअल बेसिक’चा व त्यानंतर इतर भाषांचाही उपयोग सुरू झाला, तरी स्तरबदलासारख्या कामासाठी ऑटोलिस्पचे स्थान टिकून आहे. स्वस्त असलेल्या ‘ऑटोकॅड एलटी’ या प्रणालीत ही सोय नव्हती. ती २०२३ मध्ये निघालेल्या २०२४ च्या आवृत्तीपासून देण्यात आली.

स्तर बदलणाऱ्या सुघटित आज्ञावलीचे टप्पे असे असतात : (१) चालू स्तराचे नाव प्रणालीतील ‘सीलेअर’ या चलात असते, ते वाचून बाजूस ठेवणे. (२) नियोजित स्तर आरेखनाच्या स्तर-कोष्टकात आहे की नाही हे पाहणे. नसल्यास ठरलेला रंग व रेषाप्रकार देऊन तो तयार करणे. (३) तो गोठविलेला असल्यास वितळविणे, कारण गोठविलेला स्तर चालू करता येत नाही. (४) तो चालू करून आरेखकास त्याचे काम करू देणे. (५) काम संपताच बाजूस ठेवलेला स्तर पुन्हा चालू करणे. यांखेरीज एक सहावा टप्पा असतो व तोच बहुधा गाळला जातो. आरेखकाने मध्येच एस्केप दाबल्यास किंवा काही चूक झाल्यास जी आज्ञावली आपोआप चालते, तिच्यातही मूळ स्तर परत आणण्याची सूचना लिहिलेली असली पाहिजे. ती नसल्यास अर्धवट सोडलेल्या प्रत्येक कामानंतर आरेखक भलत्याच स्तरावर उभा राहतो व त्यास त्याची कल्पना नसते. अशा स्थितीत स्वयंचलन नसलेलेच बरे. कारण हाताने स्तर बदलणारा निदान सावध असतो.

२००० सालच्या आवृत्तीपासून ‘रिॲक्टर’ नावाची सोय मिळाली. रिॲक्टर हा पहारेकऱ्यासारखा असतो. एखादी विशिष्ट आज्ञा सुरू होताच तो जागा होतो, तिला नेमून दिलेला स्तर चालू करतो आणि आज्ञा संपली किंवा रद्द झाली की पूर्वस्थिती आणतो. त्यामुळे आरेखकास वेगळे बटण दाबावे लागत नाही. नेहमीचीच आज्ञा योग्य स्तरावर काम करते. प्रणालीच्या निर्मात्यांनीही ही गरज ओळखली आहे. मापांसाठी व रेखाछायनासाठी कोणता स्तर वापरावा हे एकदाच सांगून ठेवता येईल असे चल आता प्रणालीतच अंतर्भूत आहेत. त्यांपैकी मापांविषयीचा चल २०१६ च्या आवृत्तीत आला. जे काम एका चलाने होते त्यासाठी आज्ञावली लिहू नये, असा सर्वसाधारण नियम सांगता येईल.

अस्तित्वातील घटकांचे स्तरांतर : वरील सर्व पद्धती नव्याने काढावयाच्या घटकांसाठी आहेत. जुनी किंवा दुसऱ्या कार्यालयाकडून आलेली आरेखने दुरुस्त करण्याचा प्रश्न वेगळा आहे. ऑटोकॅडमध्ये प्रत्येक घटकाची माहिती क्रमांक व मूल्य अशा जोड्यांच्या यादीत मिळते. क्रमांक ० च्या जोडीत घटकाचा प्रकार, क्रमांक ८ च्या जोडीत स्तराचे नाव, ६ मध्ये रेषाप्रकार व ६२ मध्ये रंग असतो. ‘ज्यांचा प्रकार माप आहे असे सर्व घटक निवडावेत व त्यांची आठव्या क्रमांकाची जोडी बदलावी’ एवढ्या आशयाची आज्ञावली हजारो मापे क्षणार्धात योग्य स्तरावर नेते. माप, मजकूर व रेखाछायन यांचे प्रकार वेगळे असल्यामुळे ते असे वेचता येतात. भिंतीची रेषा व जिन्याची रेषा यांचा प्रकार मात्र एकच असतो. त्यांची निवड रंगावरून, रेषाप्रकारावरून किंवा जुन्या स्तरावरूनच करावी लागते. जुन्या आरेखनात ही चिन्हेही एकसारखी नसल्यास कोणतीही आज्ञावली ते काम करू शकत नाही.

जुनी नावे व नवी नावे यांचे कोष्टक देऊन सगळे स्तर एकदम बदलणारे साधनही प्रणालीत आहे. येथेही काही अडथळे संभवतात. कुलूपबंद स्तरावरील घटक बदलत नाहीत. ब्लॉकच्या आतील घटक वरवरच्या निवडीत येत नाहीत. बाह्य संदर्भ म्हणून जोडलेल्या आरेखनाचे स्तर मूळ फाईलीच्या नावासह दिसतात आणि त्यांवरील घटक मूळ फाईल उघडूनच बदलावे लागतात. घटकास स्वतंत्र रंग दिलेला असल्यास स्तर बदलूनही त्याचा रंग बदलत नाही, त्यामुळे काम झाले नाही असा गैरसमज होऊ शकतो.

स्तरनामांचे संकेत : स्वयंचलन नावावर चालते, म्हणून नावे ठरलेली असल्याखेरीज ते शक्य नाही. एकाच कार्यालयात ‘माप’, ‘मापे’ व ‘माप-१’ असे तीन स्तर असतील, तर आज्ञावलीच्या दृष्टीने ते तीन परके स्तर होत. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या संस्थेने १९९० मध्ये स्तरनामांविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तीत पहिले अक्षर विद्याशाखेचे (वास्तुशिल्प ‘ए’, संरचना ‘एस’, विद्युत् ‘ई’ इ.) असून त्यापुढे मुख्य गटाचा चार अक्षरी संक्षेप येतो, उदा., वास्तुशिल्पीय भिंतींसाठी ‘ए-वॉल’. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या १३५६७ या क्रमांकाच्या मानकाचे पहिले भाग १९९८ मध्ये निघाले. त्यात जबाबदार व्यावसायिक दर्शविणारी २, वास्तुघटक दर्शविणारी ६ व सादरीकरणाचा प्रकार दर्शविणारी २ अशा एकूण १० अक्षरांचे अनिवार्य नाव असते. अशा ठरीव रचनेचा लाभ असा की, विशिष्ट स्थानी विशिष्ट अक्षर असलेले सर्व स्तर एकाच आज्ञेने निवडता येतात. ‘ए’ने सुरू होणारे सगळे स्तर ठेवून बाकीचे गोठविणे एका ओळीचे काम होते.

बांधकाम-परवानगी व स्तर : घटक योग्य स्तरावर असण्याचे महत्त्व बांधकाम-परवानगीच्या संदर्भात विशेष स्पष्ट होते. पुणे, मुंबई इ. महानगरपालिकांनी नकाशांच्या संगणकीय छाननीचा अवलंब केल्यापासून वास्तुविशारदांना भूखंडाची हद्द, इमारतीची बाह्यरेषा, सज्जे, जिने, वाहनतळ इ. गोष्टी नेमून दिलेल्या स्तरांवर बंद बहुरेषांनी दाखवाव्या लागतात. छाननी करणारी आज्ञावली स्तरांवरून क्षेत्रफळे मोजते व ती विकास नियंत्रण नियमावलीशी ताडून पाहते. समजा, पाच मजली इमारतीच्या प्रत्येक मजल्यावरील ३ मी. × १.५ मी. मापाचा एक भाग चुकीच्या स्तरावर गेला. प्रत्येक मजल्यावर ४.५ चौ. मी. व एकूण २२.५ चौ. मी. क्षेत्र भलत्याच सदरात मोजले जाईल. ते चटई क्षेत्रात धरावयाचे असून सुटले, तर मंजुरीस आधारभूत असलेला हिशेबच खोटा ठरतो. उलट, न धरावयाचे असून धरले गेले, तर निर्दोष नकाशा नामंजूर होतो. नकाशात एकही रेषा चुकलेली नसते. चुकलेले असते ते तिच्या स्तराचे नाव. परवानगीसाठी लागणारे स्तर एका बटणाने तयार करणाऱ्या व उघड्या राहिलेल्या बहुरेषा शोधून काढणाऱ्या आज्ञावलींचे मोल यावरून लक्षात यावे.

मर्यादा व धोके : (१) स्वयंचलन नियमाची अंमलबजावणी करते, नियम तयार करीत नाही. चुकीचा नियम ते बरोबर नियमाइतक्याच निष्ठेने पाळते. (२) ऑटोकॅड निरनिराळ्या भाषांत मिळते व आज्ञांची नावे त्या त्या भाषेत असतात. इंग्रजी आज्ञांची स्क्रिप्ट जर्मन आवृत्तीवर चालावी म्हणून प्रत्येक आज्ञेपूर्वी अधोरेषा देतात. तसेच कोणी मूळ आज्ञेचा अर्थ बदलला असल्यास मूळच आज्ञा घ्यावी असे सुचविण्यासाठी टिंब देतात. (३) आज्ञावली लिहिणारा कार्यालय सोडून गेल्यावर ती का व कशी चालते हे कोणास ठाऊक नसते. प्रत्येक आज्ञावलीत तिचा हेतू, स्तरांची यादी व बदलांच्या तारखा साध्या भाषेत नोंदविणे हा यावरील उपाय आहे. (४) आरेखनाबरोबर आपोआप सुरू होणारी आज्ञावली घातकही असू शकते. ऑटोलिस्पमध्ये लिहिलेला ‘मेड्रे’ नावाचा संगणकीय कृमी २०१२ मध्ये उजेडात आला. त्याचा प्रादुर्भाव मुख्यतः पेरू या देशात झाला व त्याने हजारो आरेखने चीनमधील ई-टपाल खात्यांकडे परस्पर पाठविली. आरेखनाच्या फोल्डरमध्ये ठरावीक नावाची आज्ञावली असल्यास प्रणाली ती न विचारता सुरू करीत असे. या सोयीचाच त्याने गैरफायदा घेतला. त्यानंतर आज्ञावली विश्वसनीय ठरविलेल्या फोल्डरमधूनच सुरू व्हाव्यात अशी सुरक्षाव्यवस्था २०१४ च्या आवृत्तीत करण्यात आली. अपरिचित व्यक्तीकडून आलेली आज्ञावली तपासल्याशिवाय चालवू नये.

अलीकडील स्थिती : इमारतीचे त्रिमितीय माहितीयुक्त प्रतिमान तयार करणाऱ्या ‘रेव्हिट’सारख्या प्रणालींत स्तरांची गरज उरलेली नाही. तेथे भिंत ही आरंभापासूनच भिंत म्हणून नोंदली जाते व तिचा वर्ग आरेखकास निवडावा लागत नाही. तथापि अशा प्रतिमानापासून द्विमितीय आरेखन बाहेर काढताना कोणता वर्ग कोणत्या स्तरावर जावा याचे कोष्टक द्यावेच लागते. म्हणजे स्तरबदलाचा प्रश्न नाहीसा न होता काम सुरू करताना न उद्भवता ते हस्तांतरित करताना उद्भवतो. द्विमितीय आरेखने दीर्घकाळ वापरात राहणार असून जुन्या आरेखनांचे संग्रह मोठे आहेत, त्यामुळे स्क्रिप्ट, मॅक्रो व आज्ञावली यांची उपयुक्तता टिकून आहे. एखाद्या कार्यालयास स्तर-स्वयंचलन सुरू करावयाचे असल्यास प्रथम स्तरांची यादी व प्रत्येकावर काय जावे हे कागदावर निश्चित करणे, नंतर ते स्तर अगोदरच असलेले कोरे नमुना-आरेखन तयार करणे, नित्याच्या क्रियांसाठी मॅक्रो देणे आणि शेवटी उरलेल्या अडचणींपुरतीच आज्ञावली लिहिणे, हा क्रम हितावह ठरतो. या क्रमातील पहिली पायरी संगणकाकडे सोपविता येत नाही. पुढील सर्व पायऱ्यांचे यश मात्र तिच्यावरच अवलंबून असते.